चढावर दम टाकणारी, थांबून पुन्हा पळणारी जुनी डिझेल जीप : दोष कुठून शोधायला घ्यायचा

गाडी घाटाला लागते. पहिली काही वळणं व्यवस्थित ओढते. मग तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबलेला असतानाही इंजिनाचा आवाज बसत जातो. वेग चाळीसचा तीस होतो, तिसाचा वीस. दुसरा टाकला तरी तेच. कडेला घेऊन इंजिन बंद केलं, पाच-दहा मिनिटं थांबलं आणि परत सेल्फ मारला की गाडी पहिल्यासारखी उचलते. पुढे काही किलोमीटर सगळं ठीक, आणि मग पुन्हा तोच प्रकार. गॅरेजमध्ये नेली की मात्र तिथे ती कधीच दम टाकत नाही.

डिझेल दाबाने इंजिनात सोडणाऱ्या यांत्रिक पंपाच्या, कॉम्प्युटर नसलेल्या जुन्या डिझेल जीपगाड्यांत ही तक्रार नेहमीची आहे. यात स्कॅनर लावायची सोयच नसते, त्यामुळे बहुतेक ठिकाणी अंदाजाने काम सुरू होतं. आधी डिझेल फिल्टर बदलतात, मग डिझेल फवारणारी नोझल काढतात, आणि शेवटी पंप उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे त्याचं माप जुळवायला पाठवतात. पैसे जातात, गाडी आठवडाभर उभी राहते आणि पुढच्या घाटात परत तेच होतं. माझं ठाम मत आहे की पंपाला हात सगळ्यात शेवटी लावायचा. येऊन-जाऊन असणारा दोष गाडी उभी असताना सापडत नाही. तो ज्या परिस्थितीत होतो त्याच परिस्थितीत, होत असतानाच गाठावा लागतो. त्यासाठी लागणारं सामान फार नाही : पारदर्शक नळीचा तुकडा, एक स्वच्छ डबा, पाने, पकड, चार क्लिपा आणि बरोबर एक माणूस.

पुढे जे लिहितो आहे ते मामांच्या जीपच्या निमित्ताने. गाडी चिपळूणकडची. आंब्याच्या दिवसांत पेट्या भरून कराडला जाते. पोफळी सोडून कुंभार्ली घाट सुरू झाला की निम्म्या चढाच्या आसपास ती बसायची. रिकामी असताना कधी बसायची, कधी नाही. सपाटीला कितीही फेऱ्या मारा, तक्रार शून्य.

पाना उचलण्याआधी वही उघडा

दोष आला की त्या क्षणी काय काय होतं ते लिहून ठेवा. टाकीत डिझेल किती होतं? गाडी किती वेळ चालून तापली होती? चढ होता की सपाट, माल होता की नव्हता? जोर हळूहळू गेला की झटक्यात? मागे धूर होता का, कोणत्या रंगाचा? आणि सगळ्यात महत्त्वाचं, किती वेळ थांबल्यावर गाडी बरी झाली, आणि इंजिन बंद न करता नुसता पाय काढला तरी बरी झाली का?

यातली जवळजवळ प्रत्येक नोंद काहीतरी सांगते. टाकी भरलेली असताना त्रास नाही आणि पाव टाकीच्या खाली गेल्यावर नेमका होतो, तर टाकीच्या आत उतरणाऱ्या ओढनळीला बारीक चीर असू शकते. डिझेलची पातळी चिरेच्या वर असेपर्यंत काही कळत नाही, खाली गेली की नळी हवा ओढायला लागते. ही गोष्ट बाहेरून कधीही दिसणार नाही, वहीतच दिसेल.

झटक्यात आणि हळूहळू यातला फरकही नीट पाहा. स्विच बंद केल्यासारखी गाडी एकदम मेली, तर आधी विजेकडे बघायचं. ज्या पंपावर स्टॉप सोलेनॉइड (डिझेल बंद करणारा विजेचा खटका) असतो तिथे त्याची वायर ढिली असते किंवा तापल्यावर आतली कॉइल सोडते. विझत विझत गेली, तर इंधन कमी पडतंय किंवा गाडीला काहीतरी धरून ठेवतंय. जुन्या पेट्रोल गाडीलाही हाच नियम लागू पडतो : कॉइल किंवा कंडेन्सर तापून गेला की गाडी झटक्यात जाते, कार्ब्युरेटरच्या वाटीत कचरा आला की आचके देत जाते.

धुराचं असं. जोर गेला आणि मागे काळा धूर असेल, तर डिझेल पोचतंय पण ते जाळायला हवा पुरत नाही. एअर फिल्टर चोंदलेला, हवेची रबरी नळी आत चिकटलेली, टर्बो असेल तर त्याची नळी सुटलेली, किंवा एखादं नोझल टपकतंय. पांढुरका धूर आणि इंजिन अडखळतंय, तर लाईनमध्ये एअर, म्हणजे डिझेलच्या वाटेत शिरलेली हवा, असण्याची शक्यता मोठी. आणि जोर गेला पण धूरच नाही, मागे सगळं स्वच्छ, तर इंजिनाला खायलाच मिळत नाही. मामांच्या गाडीमागून मोटरसायकलवर जाऊन पाहिलं तेव्हा हेच दिसलं. चढाला एरवी थोडा काळा धूर टाकणारी गाडी बसायला लागली की धूर पुसल्यासारखा नाहीसा व्हायचा.

इंजिनाचा दोष नसतानाही गाडी बसते

डिझेलच्या मागे लागण्याआधी तीन गोष्टी बाद करा, कारण त्या अगदी तसाच आभास निर्माण करतात.

पहिली ब्रेक. पॅडलचा जोर मास्टर सिलिंडरला देणाऱ्या पुशरॉडला मोकळी चाल नसेल तर ब्रेकचं ऑइल तापून फुगतं, त्याला परत जायला वाट मिळत नाही आणि ब्रेकचे लायनर आपोआप धरले जातात. गाडी ओढेनाशी होते. थांबलं, थंड झालं, की ब्रेक सुटतात आणि गाडी पुन्हा मोकळी. थांबून बरी होण्याचं हे दुसरं मोठं कारण आहे आणि ते भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. गाडी बसल्यावर उतरून चारही चाकांजवळ हात न्या, ड्रमला चिकटवू नका, चटका बसेल. चाकं भाजत असतील तर जॅकवर एक चाक उचलून फिरवून पाहा. फिरत नसेल तर चाकामागचं ब्लीडिंग निप्पल (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) किंचित सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक सुटलं, तर दाब मागे अडकून राहतोय हे सिद्ध झालं. हे सगळं सपाट जागी, बाकीच्या चाकांना दगड लावूनच.

दुसरी क्लच. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग पडतो, तर क्लच प्लेट घसरते आहे. इथे आवाजाची दिशाच उलटी असते, म्हणून एकदा कान देऊन ऐकलं की शंका राहत नाही.

तिसरी ॲक्सिलरेटरची केबल. एकाला पॅडल पूर्ण दाबायला सांगा आणि बॉनेट उघडून पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकतो का ते डोळ्यांनी बघा. जाड मॅट टाकल्यामुळे पॅडल पाऊण भागच खाली जात होतं, अशाही गाड्या पाहिल्या आहेत. इंजिन बंद करणारी स्टॉप केबल अर्धवट ओढलेली तर राहत नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्या.

आमच्या गाडीची चाकं गार होती, क्लच धरत होता, लिव्हर स्क्रूला टेकत होता. एअर फिल्टर काढून फेरी मारण्याचा सल्ला काहीजण देतात, तो ऐकू नका. घाटातली धूळ थेट इंजिनाच्या सिलिंडर लायनरमध्ये जाते. शंकाच असेल तर नवा फिल्टर घाला.

फक्त चढालाच का?

साठ हॉर्सपॉवरच्या आसपासचं हे इंजिन सपाटीला साठच्या वेगाने चालताना तासाला साधारण ५ लिटर डिझेल जाळतं. तेच पूर्ण जोर लावून चढाला ओढताना तासाला १२ लिटरच्या आसपास मागतं. शिवाय पंपातून थंडावा आणि वंगण देऊन रिटर्न लाईनने टाकीकडे परत जाणारं डिझेल वेगळं. म्हणजे अर्धवट अडलेली वाट सपाटीला पुरते आणि घाटात पुरत नाही. आधी फिल्टरमध्ये साठलेल्या डिझेलवर गाडी थोडी चढते, मग पुरवठा कमी पडायला लागतो. गॅरेजच्या आवारात रिकामी रेस देऊन काहीही सिद्ध होत नाही ते यामुळेच.

थांबल्यावर बरी का होते, त्याचंही उत्तर इथेच आहे. शहाळ्यात स्ट्रॉ घालून ओढताना मलईचा तुकडा टोकाला चिकटला की पाणी येणं थांबतं आणि ओढणं सोडलं की तो आपोआप सुटतो, तसंच टाकीतही होतं. टाकीतून डिझेल ओढून फिल्टरमार्गे मुख्य पंपाला देणारा छोटा फीड पंप ओढतोय तोवर कचरा नळीच्या तोंडाला चिकटून बसतो. इंजिन बंद झालं, ओढ संपली, की खाली पडतो. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बंद असेल तरी असंच होतं. डिझेल कमी होत जातं, बाहेरची हवा आत येत नाही, टाकीत पोकळी तयार होते. थांबल्यावर कुठून तरी हळूहळू हवा शिरते आणि गाडी परत चालू.

म्हणून पहिली आणि फुकटची चाचणी झाकणाची. गाडी बसली की लगेच झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा फुस्स असा आवाज आला तर दोष हातात आला. झाकण सैल ठेवून तोच चढ परत चढून खात्री करा, फक्त टाकी काठोकाठ भरलेली नको. काही गाड्यांना झाकणात भोक नसून टाकीवरून वेगळी श्वासनळी काढलेली असते. तिच्यात चिखल जातो, कुंभारीण माशी मातीचं घर करते. तार घालून ती मोकळी करा.

दुसरी चाचणी रस्त्याच्या कडेलाच करायची. दम टाकलेल्या गाडीचं बॉनेट उघडून हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा दांडा) मारा. दांडा वर ओढताना, किंवा दाबून सोडल्यावर वर येताना, जड जात असेल तर मागून डिझेल येत नाही, वाट अडली आहे. काहीच विरोध न लागता हलका चालत असेल तर एअर येते आहे किंवा फीड पंपाचे व्हॉल्व्ह गेले आहेत. हे थांबल्या थांबल्या करायचं. चहा पिऊन आल्यावर केलं तर पुरावा गेलेला असतो. मामांच्या गाडीचा दांडा अक्षरशः वर यायला तयार नव्हता, आणि दहा मिनिटांनी तोच दांडा सहज चालत होता. झाकण सैल करूनही फरक पडला नाही, म्हणजे अडथळा टाकी आणि फीड पंपाच्या मधेच कुठेतरी.

नळी आणि डबा

फीड पंपाच्या आधी ओढीच्या बाजूला हातभर पारदर्शक नळी बसवा, डिझेल सहन करणारी आणि मूळ नळीच्याच मापाची. दोन्ही टोकांना क्लिपा घट्ट. एअर घेणारी गाडी असेल तर त्यात बुडबुड्यांची माळ दिसते. लक्षात ठेवा, या बाजूला दाब नसून ओढ असते, त्यामुळे भेगेतून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं आहे म्हणून नळी चांगली, असं धरून चालू नका. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागत असेल तर तोही एअर शिरण्याचाच इशारा आहे, कारण डिझेल रात्री उतरून टाकीत परत गेलेलं असतं.

बुडबुडे आमच्याकडे नव्हते. मग डबा लावला. ही चाचणी मी सगळ्यांत जास्त मानतो, कारण ती सगळ्या यंत्रणेचे सरळ दोन भाग करते. पाच-दहा लिटरचा स्वच्छ डबा घ्यायचा, त्यात गाळून डिझेल भरायचं, फीड पंपाची ओढनळी टाकीकडून सोडवून डब्यात घालायची. रिटर्न नळीही डब्यातच आणायची, नाहीतर डब्यातलं डिझेल पंपामार्गे टाकीत जाईल आणि मधेच डबा रिकामा होईल. टाकीकडून आलेल्या नळीचं तोंड बूच लावून बंद करायचं. डबा सायलेन्सर आणि पंख्यापासून लांब, घट्ट बांधलेला हवा, आणि शक्यतो टाकीच्याच उंचीवर. वर कॅरिअरला टांगला तर डिझेल स्वतःच्या वजनाने उतरतं आणि फीड पंप कमजोर असला तरी ते झाकलं जातं.

मग तोच माल घेऊन त्याच घाटात जायचं. डब्यावर गाडी नीट चढली तर दोष मागे : टाकी, ओढनळी, जाळी, पाणी वेगळं करणारा सेपरेटर, पाईप. डब्यावरही बसली तर दोष पुढे : फीड पंप, फिल्टर, त्यानंतर मुख्य पंप. मामांची जीप पेट्यांसकट घाटमाथ्यावर हेळवाकला एका दमात पोचली. मामा इतकंच म्हणाले, "चला, पंप वाचला."

टाकीत काय होतं

टाकीकडे जाणाऱ्या नळीत पायपंपाने उलटी हवा मारली तर टाकीतून गुडगुड ऐकू येते आणि गाडी काही दिवस छान चालते. बरेच जण इथेच थांबतात. कचरा मात्र टाकीतच असतो आणि तो परत येणारच. टाकी खाली उतरवली पाहिजे.

उतरवून डिझेल काढलं, वरची ओढनळी बाहेर घेतली. तिच्या टोकाच्या पितळी जाळीला कॅरीबॅगच्या प्लास्टिकचा तळहाताएवढा तुकडा लगटलेला होता. मूळचा पांढरा असावा, आता चहासारखा तपकिरी झालेला, कडा विरलेल्या. उजेडात धरला तेव्हा त्याच्या मधोमध जाळीच्या बारीक चौकटी उमटलेल्या स्पष्ट दिसल्या, इतक्या वेळा तो तिथे ओढला गेला होता. कधीतरी झाकण सैल बसत होतं म्हणून त्याखाली प्लास्टिक घालून आवळण्याची जुनी खोड, त्यातलाच फाटून आत पडलेला भाग. असं प्लास्टिक डिझेलपेक्षा जड असतं, त्यामुळे तरंगत नाही, तळाशी नळीच्या तोंडाजवळच फिरत राहतं. झाकणाखाली प्लास्टिक घालू नका हे इथे कळकळीने सांगतो. ते हवेचं भोकही बुजवतं आणि असं आतही जातं.

तुकडा निघाला म्हणून आम्ही काम संपवलं नाही, कारण तळाला आणखी दोन गोष्टी होत्या : पाणी, आणि पाणी व डिझेल मिळतात तिथे वाढणारा काळा बुळबुळीत थर. कोकणातल्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या पत्र्यावर दव धरतं. ते खाली उतरून साठतं, पत्रा गंजतो, गंजाचे पापुद्रे सुटतात. तुमच्या टाकीत पाणी आहे का हे बघायचं असेल तर सेपरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत थोडं काढा आणि बाटली स्थिर ठेवा. पाणी असेल तर डिझेलखाली वेगळी रेघ दिसते. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा.

टाकी धुवायची ती डिझेलनेच, पाण्याने किंवा पेट्रोलने नव्हे. आत बघायला बॅटरी वापरा, काडी किंवा लायटर कधीही नाही. आणि टाकीला गळती असली तरी रिकामी टाकी आहे म्हणून कुणाला तिच्यावर वेल्डिंग करू देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफच स्फोट करते.

टाकीपासून पुढच्या रबरी नळ्या त्याच वेळी बदलल्या. त्यातली एक लांबीच्या दिशेने ब्लेडने चिरून पाहिली. बाहेरून ठणठणीत, आतला रबराचा थर मात्र सुटून जिभेसारखा लोंबत होता. प्लास्टिक काढून ही नळी तशीच ठेवली असती तर आज ना उद्या तीही आतून मिटली असती. जुन्या गाडीत एका तक्रारीमागे दोन कारणं असणं अगदी सामान्य आहे, त्यामुळे पहिलं सापडलं तरी तो सगळा टप्पा तपासून पूर्ण करा.

परत जोडताना

फिल्टर नवा घाला, फीड पंपाच्या बँजो बोल्टमध्ये (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) किंवा तोंडाशी बारीक जाळी असेल तर ती काढून साफ करा. अनेकांना ती तिथे असते हेच माहीत नसतं. बँजोखालचे तांब्याचे वॉशर नवे घ्या. दाबलेला जुना वॉशर परत बसवला की एअरची नवी तक्रार सुरू होते. एअर काढताना फिल्टरवरचा स्क्रू सैल करून प्रायमर मारा, फेसाळ डिझेल जाऊन एकसंध धार येईपर्यंत. मग तो आवळून पंपावरचा स्क्रू. नोझलच्या पाईपचे नट सोडून सेल्फ मारायची वेळ आली तर हात आणि तोंड लांब ठेवा. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत जाते आणि ती जखम दिसते त्यापेक्षा कितीतरी गंभीर असते, थेट दवाखान्यात जावं लागतं.

घाटात चाचणी घेताना एक काळजी. डिझेल गाडीच्या ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिन फिरतं तोवरच तयार होतो. इंजिन मेलं की एक-दोनदा पॅडल नीट लागतं, मग ते लाकडासारखं घट्ट होतं. म्हणून गाडी पूर्ण मरेपर्यंत ताणू नका. बसायला लागली की रुंद जागा बघून कडेला घ्या, हँडब्रेक, पहिला गिअर आणि बरोबरच्या माणसाने लगेच मागच्या चाकांखाली दगड.

टाकी धुतल्यानंतरही राहिलेला थोडा गाळ नव्या फिल्टरमध्ये येतोच. काहीशे किलोमीटरनंतर फिल्टर पुन्हा एकदा बदला, सेपरेटरचं पाणी दर आठवड्याला काढत राहा.

आणि डब्यावरही गाडी बसली, फीड पंपाची जाळी साफ, फिल्टर नवा, एअर नाही, तरच पंपाकडे वळायचं. रोटरी पंप (एकाच फिरत्या भागातून सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटणारा) असेल तर एक खूण बघा : थंड असताना झटकन सुरू होते, पण तापल्यावर बंद केली की लवकर सुरू होत नाही. आतले भाग झिजले की तापून पातळ झालेलं डिझेल आतल्या आत निसटतं. पंपावर ओलं फडकं ठेवून तो थोडा निवल्यावर गाडी सुरू झाली तर झीज जवळजवळ नक्की. तापलेल्या पंपावर थंड पाण्याची बादली ओतू नका, तो आत धरला जाऊ शकतो. पंप कॅलिब्रेशनला देताना नुसतं "पिकअप नाही" असं न सांगता वहीतल्या नोंदी, डब्याच्या चाचणीचा निकाल आणि गरम असताना काय होतं ते सांगा, आणि काढलेले जुने भाग परत मागून घ्या.